बावीस घोडे

ताईने चष्मा पुसला आणि फलक पुन्हा वाचला. ‘घोड्यांची चक्री. बावीस लाकडी घोडे. घडवणारे : वडील आणि मुलगा.’

चष्म्याचा दोष नव्हता.

समुद्रकाठी खेळ-करमणुकीसाठी बांधलेल्या लाकडी फळ्यांच्या रस्त्याला शंभर वर्षं झाली म्हणून जुन्या तिकीटघरात प्रदर्शन मांडलं होतं. वेड्यावाकड्या आरशांचं दालन, बाहुल्यांचं थिएटर, वादळात वाहून गेलेलं टोकाचं कारंजं, सगळ्यांचे फोटो होते. चक्रीच्या फोटोत वडील होते, धाकटा भाऊ होता आणि भावाच्या खांद्यावर एक हात. तो हात ताईचा. बाकीची ताई कापून टाकली होती.

वडिलांचे हात थरथरू लागले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बावीसपैकी चौदा घोडे तिने एकटीने कोरले. भाऊ तिकिटं फाडायचा, भोंगा वाजवायचा, पोरांना हसवायचा.

“ही माहिती कोणी दिली?” तिने दाराशी बसलेल्या बाईंना विचारलं.

“तुमच्या भावानेच. फोटोही त्यांचाच.”

तिला पाहून भाऊ लगबगीने आला.

“ताई, रागावू नकोस गं. बापलेक म्हटलं की लोकांना पटकन कळतं. आणि घरात सगळ्यांना माहीतच आहे की.”

“घरात,” ताई म्हणाली.

तेवढ्यात बाई लाकडाचा ठोकळा आणि पटाशी घेऊन आल्या. “काका, आयाळ कशी कोरतात ते मुलांना दाखवा ना!”

पंचवीसेक मुलं जमिनीवर बसली. भावाने पटाशी उलटी धरली. ढलपी भलतीकडेच उडाली, तशी मुलं खिदळली. त्यांना ती गंमतच वाटली. दुसऱ्यांदा पटाशी सटकली तेव्हा कोणी हसलं नाही. ताईचा अंगठा पटाशी धरल्यासारखा आपसूक वळला. तिने तो मुठीत दाबून धरला.

“आजोबा,” पुढची एक चिमुरडी म्हणाली, “घोडे खरंच तुम्ही केलेत?”

भावाने ताईकडे पाहिलं. लहानपणी गणित अडलं की पाहायचा, अगदी तसंच.

ताई पुढे आली. त्याचा जीव भांड्यात पडला. पटाशी तिच्या हाती द्यायला त्याने ती पुढेही केली.

“तिने तुला विचारलंय,” ताई म्हणाली आणि उत्तर ऐकायला मुलांमध्ये खाली बसली.