एकच्या खुणेपासून मोजा

मित्रांनो, माझ्या अंगावर मिलिमीटरच्या तीनशे खुणा होत्या. आज दोनशे सत्त्याण्णव आहेत. मी ताडकळसच्या वाचनालयातली एक जुनी सागवानी फूटपट्टी आहे. उरलेल्या खुणांपैकी एकही चुकीची नाही, हे मी अभिमानाने सांगते.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या फळीतून सीताराम सुताराने मला घडवले. शाळेतली पितळी मीटरपट्टी शेजारी ठेवून, धारदार सुरीने, तीन दिवस तो एकेक खूण कोरत होता. माझे टोक म्हणजेच माझे शून्य. नोंदवहीत रेघा आखणे हे माझे पहिले काम.

पण मला माझे खरे काम दाखवले ते सुनेत्राने. ती तेव्हा दहावीत होती. वाचनालयात अद्भुत कथांची तेवीस जुनी पुस्तके होती आणि ती सगळी तिने वाचली होती. त्यांतल्या ‘दोन सूर्यांचे गाव’ या पुस्तकात, चौसष्टाव्या पानावर, एक माणूस माळावर उभा असतो आणि त्याची सावली पूर्वेला पडते. एकच सावली. सुनेत्रा तिथे अडली. तिने दोन कंदील पेटवले, मध्ये शाईची दौत ठेवली आणि मला आडवे लावले. एक सावली सतरा सेंटिमीटर, दुसरी बावीस. पुस्तकाच्या कडेला तिने पेन्सिलीने लिहिले, ‘दुसरी सावली कुठे गेली?’ त्या दिवसापासून ती सायन्सला जाणार हे मला कळले होते. मित्रांनो, त्या दोन सावल्या माझ्याच अंगावर मोजल्या गेल्या!

दुसरे पुस्तक ‘घटत्या राजाची गोष्ट’. त्यात एक राजा खोटे बोलला की एक बोट खुजा होतो. सुरुवातीला तो शहाण्णव बोटे उंच असतो. सुनेत्राने त्याचे प्रत्येक खोटे मोजले. दोनशे साठाव्या पानापर्यंत त्र्याहत्तर. आणि तिथे लेखकाने राजाची उंची लिहिली होती, तेवीस बोटे. विज्ञानाच्या गोष्टीत अख्खी सावली हरवली होती आणि जादूच्या गोष्टीत एक बोटसुद्धा इकडचे तिकडे नव्हते. सुनेत्राला दोन्ही पुस्तके सारखीच आवडत. एकाने तिला चूक शोधायला लावले, दुसऱ्याने हिशेबाला पक्के कसे राहावे ते दाखवले, असे ती म्हणे.

पुढे सुनेत्रा परभणीला शिकायला गेली आणि माझे दिवस फिरले. वाचनालयाचे अध्यक्ष दिनकरराव हे निवृत्त मुख्याध्यापक. गलका झाला की ते मला टेबलावर आपटत. एकदा इतक्या जोरात आपटले की माझा तीन मिलिमीटरचा तुकडा उडाला. मग ‘ही पट्टी खोटं मोजते’ म्हणून त्यांनी मला कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवले. पाच वर्षे मी तिथे होते. त्या कपाटाला वाळवी लागली. मी सागाची, म्हणून वाचले.

एकोणीसशे एकोणनव्वद साली ते कपाट बाहेर काढले. आता उरलेल्या एकाच कपाटात सगळे बसवायचे होते. पुस्तके एकशे चाळीस, जागा नव्वदांची. दिनकररावांनी नुकत्याच बी. एस्सी. झालेल्या सुनेत्राला बोलावले.

“तू सायन्सची. तूच लिहून दे, ही तेवीस पुस्तकं खोटी आहेत म्हणून. घालू रद्दीत.”

“खोटी तर आहेतच, सर. पण लोकांनी कुठवर वाचलीत ते आधी बघू.”

तिने एक पुस्तक मिटून त्याची कड दाखवली. जिथवर पाने उलटली गेली होती तिथवर खालचा कोपरा बोटांच्या मळाने काळपट झाला होता. पुढे कोरा. तो काळा पट्टा मोजायचा. तिने मला जमिनीवरून उचलले, पदराने पुसले. मित्रांनो, पाच वर्षांनी कुणीतरी माझ्या खुणा वाचल्या!

दिनकररावांनी मला हिसकावून घेतले. स्वतः भेट दिलेल्या ‘सद्वर्तनाचे धडे’ला लावले. “सहा मिलिमीटर!”

“सर, तिचं टोक तुटलंय. एकच्या खुणेपासून मोजा अन् सेंटिमीटर वजा करा.”

त्यांनी पुन्हा लावले. चष्मा वर केला, खाली केला. “तीन.” मग स्वतःच हसले. “म्हणजे माणसं प्रस्तावनेतच झोपली म्हणायची.”

तेवीसांपैकी बावीस पुस्तके शेवटपर्यंत काळी निघाली. ‘दोन सूर्यांचे गाव’ तर अठ्ठावीस मिलिमीटरपैकी अठ्ठावीस. राहिला घटता राजा. जाडी पंधरा मिलिमीटर, पट्टा तेरा.

“हे शेवटपर्यंत कुणी नेलंच नाही,” दिनकरराव म्हणाले. “तुझं धरत नाही, तू तर सगळंच वाचतेस, अन् तेही हात धुऊन. हे जाऊ दे रद्दीत.”

दाराशी शेंगांची टोपली ठेवून कडूबाई उभी होती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती चाळिशीत वाचायला शिकली होती. दर आठवडी बाजारी शेंगा विकून यायची आणि तीन पाने वाचायची, ना जास्त ना कमी.

“गुरुजी, ते राजाचं पुस्तक नका टाकू. मपली चाळीस पानं ऱ्हायलीत.”

“अगं, शेवट मी सांगतो तुला.”

“नका सांगू!” कडूबाईने कानांवर हात ठेवले. “गुडघ्याएवढा झालाय राजा, अन् अजून खोटंच बोलायलाय. लय मेहनतीनं आलेय मी इथवर. ते काळं मपल्याच बोटाचं हाय.”

दिनकररावांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, “चौदा बाजार. तोवर पुरं झालं तर राहील. नाही तर जाईल.”

ओळ चुकू नये म्हणून सुनेत्राने मला कडूबाईच्या हाती दिले. ती मला ओळीखाली धरी आणि खाली खाली सरकवी. अक्षराला अक्षर लावताना तिचे ओठ हलत. सहा बाजार नीट गेले. मग तुरीच्या काढणीत ती लागोपाठ दोन बाजार आलीच नाही. दिनकरराव पुस्तक हातात घेऊन रद्दीच्या गठ्ठ्याकडे बघत आणि पुन्हा टेबलावर ठेवत. नवव्या बाजारी कडूबाई आली ती दुपारपर्यंत उठलीच नाही. नऊ पाने वाचली.

“एवढी घाई कशाला?” सुनेत्राने विचारले.

“राजाला आता लपायला जागा न्हाई. अन् मला थांबायला बी सवड न्हाई.”

मित्रांनो, तुटक्या टोकाची वस्तू खोटी नसते. तिला कुठून मोजायचे ते आधी शिका. आणि पुस्तक टाकण्यापूर्वी ते वाचत कुणी दाराशी उभे आहे का, तेवढे पाहा. मला आता कपाटाच्या वरच्या फळीवर, मऊ फडक्यात ठेवतात.

चौदाव्या बाजारी कडूबाईने पुस्तक मिटले आणि खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसली. दिनकररावांनी ते तिच्या हातून घेतले, मला एकच्या खुणेवर धरले आणि खाली वाकून पाहिले. सुनेत्राने वहीत आकडा लिहिला.

जाडी पंधरा मिलिमीटर. काळा पट्टा पंधरा मिलिमीटर.