गळकी झारी आणि हिरवळीखालचे चोर

टण्ण! दुपारी सगळं घर पेंगत असताना माझ्या पत्र्यावर एक खडा येऊन आपटला आणि मी दचकून जागी झाले. पाठोपाठ खर्र खर्र, खर्र खर्र. मागच्या हिरवळीवर बोक्या खड्डा खणत होता आणि त्याने उडवलेली माती थेट माझ्या अंगावर येत होती.

मित्रांनो, आधी ओळख करून देते. मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, पोटाने जाड, मानेने लांब आणि बुडाशी गळकी. आणि बोक्या म्हणजे मांजर नव्हे. तो या घरचा कुत्रा. पिल्लू असताना कुशीत शिरून इतका घुरघुरायचा, की घरातल्या चिंगीने त्याचं नाव बोक्या ठेवलं. आजोबांनी परोपरीने समजावलं, पण नाव काही बदललं नाही.

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानातला. त्याने पत्रा कापला, वाकवला, ठोकून ठोकून माझं पोट गोल केलं आणि तोंडाला भोकं पाडली. आजोबा शिंपी. मला विकत घेताना त्यांनी मला उजेडात धरून माझे सांधे तपासले, सदऱ्याची शिवण तपासावी तसे. "काम चोख आहे," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

दुकान बंद केल्यावर आजोबांनी सगळा जीव मागच्या हिरवळीत ओतला. तिची कड ते कात्रीने कापायचे, रेघ मारल्यासारखी. पुढे घरात रबरी नळी आली, पाठीवरचा फवारणीचा पंप आला, आणि मी मागच्या दाराच्या कोपऱ्यात गेले. एका कोळ्याने माझ्या मानेखालच्या बेचक्यात संसार थाटला. मीही त्याला काही बोलले नाही. तेवढीच सोबत.

मग हिरवळीवर पिवळे डाग पडू लागले आणि आळ आला बोक्यावर. कुत्र्याच्या लघवीने गवत जळतं, असं आजोबांनी ऐकलं होतं, आणि ते खोटंही नाही. घरात नियमच झाला. बोक्याने पाय वर केला रे केला, की जवळ असेल त्याने पाणी घेऊन धावायचं आणि तिथे ओतायचं. चिंगीने त्यासाठी मला कोपऱ्यातून ओढून काढलं. बोक्या पुढे, चिंगी मागे आणि तिच्या हातात हिंदकळणारी मी. बिचाऱ्याला एकांत म्हणून उरला नाही.

डाग मात्र वाढतच गेले. वर बोक्या खड्डे खणू लागला आणि पायपुसण्यावर उलट्या करू लागला. आजोबांचा धीर सुटला. त्यांच्या ओळखीच्या एका गोदामवाल्याला राखणीसाठी कुत्रा हवाच होता. रविवारी येऊन घेऊन जा, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं. चिंगीने न जेवता ताट बाजूला सारलं. तिच्या आईने सासऱ्यांना हळूच विचारून पाहिलं, पण ते म्हणाले की एकतर कुत्रा राहील नाहीतर हिरवळ, दोघं एका घरात नांदायचे नाहीत.

माझ्यावर खडा आपटला तो शनिवार होता.

आवाज ऐकून आई धावत बाहेर आली. आजोबा उठायच्या आत बोक्याला घरात न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण मागून चिंगी आली आणि बोक्याच्या गळ्यात हात टाकून हिरवळीवर पालथी पडली. मी उठणार नाही, त्याला नेणार असाल तर मलाही न्या, असं तिचं म्हणणं. आईने तिला काखेत हात घालून उचललं, तशी तिने दोन्ही मुठींत गवत गच्च धरलं.

आणि मित्रांनो, गवत उपटलं गेलं नाही. ते उचललं गेलं. चटईचं टोक उचलावं तसा हिरवळीचा एक तुकडाच्या तुकडा चिंगीच्या हातात आला. त्याला मुळं म्हणून नव्हती. खाली मातीत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या अंग मुडपून पडल्या होत्या. हुमणी! हीच अळी जमिनीखाली बसून गवताची मुळं खात होती. बोक्याला तिचा वास लागला होता. तो उकरून उकरून त्या अळ्या गट्टम करत होता, म्हणूनच पोट बिघडत होतं.

आजोबा आले. ते एकेका खड्ड्यापाशी बसले आणि बोटाने माती चाचपून पाहू लागले. प्रत्येक खड्ड्याच्या कडेला अळ्या होत्या. मग ते तडक उठले, पंप पाठीला लावला आणि विषाचा डबा शोधू लागले.

आई वाटेत उभी राहिली. एरवी ती सासऱ्यांपुढे आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"बाबा, थांबा. विष अळीच्या पोटात जाईल आणि अळी याच्या."

"मग काय हिरवळ त्यांना आंदण देऊ?"

"मला चार दिवस द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

आजोबा बराच वेळ पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. मग त्यांनी तो उतरवून ठेवला.

रविवारी सकाळी गोदामवाल्याचा टेम्पो दारात आला. चिंगी पलंगाखाली, बोक्याही तिच्याबरोबर पलंगाखाली. आजोबा फाटकापाशी गेले. मी कान टवकारले, म्हणजे कान असते तर टवकारले असते.

"कुत्रा नाही मिळायचा," आजोबा म्हणाले. "तो आमच्याकडे नोकरीला आहे."

"कसली नोकरी?"

"तपासनीसाची. गेले काही दिवस रोज अहवाल देत होता, आम्हालाच वाचता येत नव्हता."

पलंगाखालून जो धुमाकूळ बाहेर आला, तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण हुमणी अजून जमिनीखालीच होती. आई रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेली. त्या आधी पोटभर हसल्या. हुमणीचे भुंगेरे ओल्या, मऊ मातीत अंडी घालतात, आणि तुम्ही तर दिवसभर पाणी ओतून त्यांचा पाहुणचार केलात, म्हणाल्या. मग त्यांनी एक पुडा मागवून दिला. त्यात डोळ्यांना न दिसणारे कृमी होते. ते अळीच्या अंगात शिरून तिला संपवतात, कुत्र्याला मात्र त्यांच्यापासून काही अपाय नाही. पुडा गारव्यात ठेवायचा होता. आईने तो फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवला आणि तो तिथे होता तोवर आजोबांनी बिनदुधाचा चहा घेतला.

ओतायचं कशाने? पंपाला विषाचा वास. नळीच्या फवाऱ्यात बारीक जाळी, तीत कृमी अडकायचे. सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझ्या पोटात पाण्याशिवाय आजवर काही गेलं नव्हतं. आजोबांनी मला पत्रेवाल्याकडे नेऊन बुडाचं छिद्र बुजवून आणलं. कोळ्याला चिंगीने अलगद कुंपणावर सोडलं.

ऊन उतरल्यावर आम्ही निघालो. आधी आजोबा आणि चिंगीने वरच्या अळ्या वेचून भिंतीवर मांडल्या होत्या आणि साळुंक्यांनी त्यांचा फडशा पाडला होता. मग आईने मला उचललं. त्या संध्याकाळी मी किती वेळा भरले आणि किती वेळा रिकामी झाले, कोण जाणे. एक थेंबही बुडातून गळला नाही. पुढे काही दिवस माती ओली ठेवायचं कामही माझ्याकडेच होतं.

काही आठवड्यांनी आजोबांनी जुन्या डागावरचं गवत मुठीत धरून ओढलं. ते हललं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. तरी हललं नाही. आजोबा मागच्या मागे बसले आणि तसेच बसून हसत राहिले. बोक्याने शेजारी येऊन माती हुंगली, त्याला तिथे खणण्यासारखं काही वाटलं नाही, आणि तो हिरवळीच्या मधोमध चारी पाय वर करून झोपला. आम्ही जिंकलो होतो!

मित्रांनो, कोपऱ्यातल्या जुन्या वस्तूला टाकून देण्याआधी एकदा दुरुस्त करून पाहा. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर आळ घालण्याआधी थोडी माती उकरून पाहा. माझं मागणं एवढंच.

आजोबांनी गवत ओढून पाहिलं त्याच संध्याकाळी चिंगी बोक्याच्या पोटावर डोकं ठेवून पडली होती. आई माझं तोंड धुऊन मला पालथी घालत होती.

"आई," चिंगीने विचारलं, "मी गवत धरलं नसतं आणि त्याला रविवारी नेलं असतं, तर त्याची चूक नव्हती हे आपल्याला कधी कळलं असतं?"

आईने मला खाली ठेवलं आणि ती बोक्याशेजारी गवतावर जाऊन बसली.