कमानीबाहेरून

तोकुजी लाकडी कमानीच्या अलीकडेच थांबला. बायको मिसाओ जाऊन तेवीस दिवस झाले होते. पन्नास दिवस सुतक. तोवर आत पाऊल टाकायचं नाही.

शेजारचा गेन्पाची नवा दोर खांद्यावर घेऊन आत गेला. वर्षअखेरीला डोंगरावरच्या या देवळाच्या दाराशी नव्या पेंढ्याचा दोर बांधतात. एकतीस वर्षं हा दोर तोकुजी आणि मिसाओच वळत आले होते. यंदाचाही त्यांनीच वळला होता, ती आजारी पडायच्या आठवडाभर आधी.

"सुतकाच्या घरचा दोर देवाला कसा चालेल?" गावातली इकुयो आजी धापा टाकत वर पोचली. पिशवीतून तिने प्लॅस्टिकचा दोर काढला. "हा बघ. दहा वर्षं टिकतो."

"आजी, दोर वळला तेव्हा मिसाओ जिवंत होती. त्याच दिवशी तो गेन्पाचीच्या माळ्यावर गेला. त्यानंतर मी बोटही लावलेलं नाही. सुतक मला आहे, दोराला नाही."

आजीने क्षणभर विचार केला. "बरं. पण वाकडा बसला तर माझा लावायचा. वाकड्या दोराखाली मी नवं वर्ष काढणार नाही."

"कबूल."

गेन्पाची शिडीवर चढला. दरवर्षी तिथे तोकुजी असायचा आणि मिसाओ इथे, कमानीपाशी उभी राहायची. दोर समपातळीत आहे की नाही, ते इथूनच कळायचं.

गेन्पाचीने जाड टोक डावीकडे बांधायला घेतलं.

"जाड उजवीकडे!" तोकुजी ओरडला.

"ओरडतोस काय, मी काय बहिरा आहे?"

"आंधळा आहेस! डावं टोक चार बोटं वर घे. फार झालं. खाली. आता दोन बोटं वर घे, ठोंब्या!"

एकतीस वर्षं शिडीवर उभं राहून तोकुजीने हेच ऐकलं होतं, ठोंब्यासकट.

"मिसाओच बोलली जणू," आजी म्हणाली.

तोकुजीने बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा एक डोळा मिटून पाहिलं.

"आता आवळ गाठ!"

दोर सरळ बसला होता. आजीने मान वाकडी करून दोनदा बघितलं आणि प्लॅस्टिकचा दोर पिशवीत कोंबला.

"दहा वर्षं टिकतो ना?" तोकुजी म्हणाला. "मग कपडे वाळत घाला त्यावर."

"मेल्या, पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर वळणार कोण?"

"तुम्ही. पेंढा ठोकून मऊ करायला उद्यापासून शिकवतो."

"सुतकात?"

"बरं, एक्कावन्नाव्या दिवसापासून."