दहा ते दोनच्या बाई

जालन्यात कन्हैयालाल शेठजींच्या बियाणे कंपनीत माणसाची पारख सहाच्या चहाला व्हायची. शेठजी स्वतः फेरी मारत. त्या वेळी ज्याच्या हातात कप, तो कामाचा. साधना प्रयोगशाळेत दहा ते दोन असायची, त्यामुळे सात वर्षांत ती कामाची ठरली नव्हती.

आज प्रयोगशाळाप्रमुख ठरणार होता. साधना किंवा तातेराव. तातेराव सकाळी नऊ ते रात्री आठ हजर असत. हजर राहून काय करत, हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

आणि आजच कपाशीच्या लॉटने तोंडघशी पाडलं. उगवण मशीनमधल्या ओल्या कागदांत शंभरातले एकसष्टच दाणे उगवले. पंचाहत्तर लागतात. परतूरला जायचा ट्रक फाटकात उभा.

"लॉट फेकायचा का?" शेठजी हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज उतरला की लोक खुर्चीतून उठत.

"ताई दोनलाच जात्यात रोज," तातेराव म्हणाले. "अर्ध्या दिवसात बी तरी किती उगवंल?"

"ते माझी वाट बघून उगवतं का, तातेराव?"

"मस्करी नको, बाई. तुमच्यामागं काय झालं तर जिम्मेदारी कुणाची?"

दीड वाजला होता. सव्वादोनला लेक घराशी शाळेच्या रिक्षातून उतरणार. साधना निघाली तर पद जाणार, वर लॉटचा ठपका. थांबली तर उद्या हेच म्हणणार, थांबता येतं की.

ती मागच्या खोलीतून वाळूचा झाकणबंद ट्रे घेऊन आली. त्याच लॉटचे शंभर दाणे तिने त्याच दिवशी वाळूतही पेरले होते. ही चाचणीही नियमात बसते.

शेठजींनी स्वतः कोंब मोजले. शहाऐंशी. पुन्हा मोजले. शहाऐंशीच.

"एकच बी. मंग मशीनमधलं मेलं कसं?"

"दार किती वेळा उघडलं, ते विचारा."

तातेराव दुखावले. "म्या काय झोपून राह्यलो का, शेठजी? दर अर्ध्या तासाला उघडून बघून राह्यलो. तुमची चाहूल लागली की तर हटकूनच."

शेठजींनी मशीनमधले कागद उचलून टेबलावर टाकले. दार उघडून उघडून ओल निघून गेलेली, ते पापडासारखे वाजले.

"बराबर," शेठजी म्हणाले. "प्रमुख तुम्ही. पर पूरा दिवस यायचं."

"दहा ते दोन, शेठजी."

"प्रमुखाची खुर्ची दुपारनंतर रिकामी? लोक काय म्हणतील?"

"मशीनसमोरची खुर्ची भरलेली होती, त्याचं काय झालं ते समोर आहे."

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दाबला. अहवालावर प्रमुखाची सही हवी होती, आणि प्रमुख अजून कुणी नव्हतं. साधनाने पेन पर्समध्ये टाकलं. दोनला सात मिनिटं.

शेठजींनी नेमणुकीचं पत्र ओढलं, वेळेच्या रकान्यात 'दहा ते दोन' लिहिलं, सही केली. तिने पेन परत काढलं.

मशीनला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून ती दोनला निघाली.

सहाला शेठजी फेरीवर आले. कुलपासमोर तातेराव कप घेऊन बसले होते. शेठजींनी कप पाहिला, कुलूप पाहिलं, मग खुर्ची ओढून समोर बसले.

"तातेराव," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही काय करता?"