बाबांच्या कराची वीट

माझे सासरे ओढ्यावरच्या पुलावरून जाताना डावीकडच्या कठड्याला दोन बोटं लावतात आणि सोबत जो कोण असेल त्याला सांगतात, "यातली एक वीट माझी आहे." सोबत बहुतेक वेळा मीच असतो. लग्नाला अकरा वर्षं झाली, तेव्हा या विटेचा मला किती वीट आला असेल ते वेगळं सांगायला नको.

सासरे, म्हणजे बाबा, शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवलं, आता घरातच शिवतात. कर मात्र दर वर्षी मुदतीच्या पहिल्याच दिवशी, रांगेत पहिला नंबर लावून, रोख भरतात. पूल त्यातल्याच एका वर्षी झाला. त्यामुळे तो आपल्या पैशातून झाला याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

माझी नोकरी सरकारच्या चलन विभागात. लग्न ठरवताना बाबांनी विचारलं होतं, "नोटा छापता?" मी म्हणालो, "नोटांचंच काम आहे." हे काही खोटं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये मळक्या, फाटक्या नोटांची पोती येतात. आम्ही त्या तपासतो, मोजतो आणि मशीनमध्ये घालतो. मशीन त्यांचे नखाएवढे तुकडे करतं आणि ते दाबून विटा पाडतं. त्या मशीनला आम्ही आत्याबाई म्हणतो, कारण समोर येईल ते ती कुरकुर करत संपवते. जावई पैसे फाडतो हे सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? अकरा वर्षं मी नोटा छापत होतो.

या वर्षी पुलाच्या कठड्याचा हातभर तुकडा ओढ्यात पडला. बांधकाम खात्याने तिथे दोरी बांधली आणि दोरीला पाटी लटकवली: निधीअभावी काम स्थगित. त्याच आठवड्यात रेडिओवर बातमी आली की सरकारची तूट आणखी वाढली. बाबांनी रेडिओ बंद केला.

"तूट म्हणजे फाटलंय," ते म्हणाले. "फाटलं की लगेच शिवावं. बातम्या कसल्या देत बसलेत?"

रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की या वर्षीचा कर भरून झाला असला तरी ते आणखी पैसे भरणार आहेत. स्वखुशीने. माझ्या बायकोने विचारलं, किती? त्यांनी सांगितलेला आकडा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी साठवलेल्या रकमेइतका होता. अगदी तेवढाच.

"बाबा, मग डोळ्यांचं काय?"

"दोन आहेत. एकावर चालतंय."

"दोन्हींत मोतीबिंदू आहे."

"मग दोघं मिळून चालवतात."

स्वयंपाकघरात बायको मला म्हणाली, "तू सांग ना त्यांना. पैसा आत गेल्यावर त्याचं काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहितीये?"

"तेच तर सांगता येत नाही," मी म्हणालो. भांडी जरा जोरात घासली गेली, आणि ती मीच घासत होतो.

दोन दिवस मी टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर एक नोट आली. मधोमध फाटलेली आणि दोऱ्याने रफू केलेली. नोटेला रफू करणारा माणूस मला एकच माहीत आहे. कर भरायच्या खिडकीवरच्या कारकुनाने ती घ्यायला नकार दिला होता आणि चाळीस मिनिटांच्या वादानंतर हात टेकले होते, ही कथा बाबांनी आम्हाला तीनदा ऐकवली होती.

पण मी बघत होतो ते टाके. माझ्या लग्नाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलं होतं, बाबांनी ते भरलं, आणि ते नेमकं कुठे होतं हे मला आजही सापडत नाही. इथे टाके वाट चुकलेल्या मुंग्यांसारखे गेले होते. अर्धी नोट उलटी जोडली होती. नोट निळी होती आणि दोरा लालभडक. त्यांना तो निळाच वाटला असणार. मला भीती वाटली आणि स्वतःचा रागही आला.

दर शुक्रवारी लोकांना आमचा हॉल दाखवतात. मी सुपरवायझरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण ती नोट शुक्रवारच्या गड्डीत सगळ्यात वर ठेवायला परवानगी दिली.

मी बोलावल्यावरून बाबा कोट घालून आले. आतला खिसा पाकिटाने फुगला होता. इथून थेट कराच्या खिडकीवर जायचं त्यांनी ठरवलं होतं.

"छापतात ते कुठे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी छापत नाही. मी फाडतो."

ते हसले. मग बाईंनी ती नोट त्यांच्या हातात दिली. त्यांचा अंगठा टाक्यांवरून एकदा गेला, परत आला. "माझी," ते म्हणाले. बाईंनी नोट घेतली, गड्डीवर ठेवली आणि गड्डी आत्याबाईंच्या तोंडात गेली.

"अहो, मग पूल?"

"पुलाचे पैसे सरकारने आधीच दिले होते, गवंड्याला, विटा पुरवणाऱ्याला. नोटा सरकारच काढतं, मग ते तुमच्या नोटेची वाट कशाला बघेल? आधी ते देतं, नंतर कर म्हणून थोडं परत घेतं. परत आलेलं इथे संपतं. नोट धड असली तर कागद वाचवायला पुन्हा वापरतात, एवढंच."

"मग माझ्याकडून घेतले कशाला? इतकी वर्षं?"

त्यांचा आवाज चिरकला. असं त्यांच्या तोंडावर बोलण्यापेक्षा मी आणखी अकरा वर्षं नोटा छापल्या असत्या. पण आता मागे फिरता येत नव्हतं.

"सगळ्यांना कर याच नोटांनी भरावा लागतो. म्हणून तर गवंडी या कागदासाठी उन्हात उभा राहतो. आणि काहीच परत घेतलं नाही, तर बाजारात पैसा वाढेल आणि माल तेवढाच राहील. मग भाव चढतील."

"ढगळ होईल," बाबा म्हणाले.

"काय?"

"कपडा. मग बाजूंनी आत घ्यावा लागतो. तुम्ही लोक आत घेता." मग त्यांना रेडिओ आठवला. "आणि तूट?"

"दिले शंभर, परत घेतले नव्वद. दहाची तूट."

"ते दहा कुठे गेले?"

"कुठे नाही. बाहेरच आहेत, लोकांकडे. तुमच्या पाकिटातही त्यातलेच असतील."

बाबांनी हात कोटाच्या आतल्या खिशावर ठेवला. वरूनच तो दोनदा चाचपला. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"रेडिओवाल्यांना कपड्यातलं काही कळत नाही," ते शेवटी म्हणाले. "चीर दिसली की फाटलंच समजतात. हा खिसा आहे."

खिसा फार मोठा झाला तरी पंचाईतच, असं मी घाईघाईने सांगायला गेलो.

"ते मला शिकवता? खिसा फार भरला की कोट एका बाजूला लोंबतो. पण मला सांगा, गवंडी रिकामे बसलेत, विटा पडून आहेत, मग कठडा का बांधत नाहीत?"

"ते मला माहीत नाही, बाबा. मी फक्त फाडतो."

निघताना बाईंनी त्याच गड्डीतून पडलेली साबणाच्या वडीएवढी एक वीट त्यांना भेट दिली. फाटकाबाहेर डावीकडे कराची खिडकी होती, उजवीकडे बसथांबा. बाबा फाटकात उभे राहिले.

"डोळ्यांचा डॉक्टर शनिवारी असतो का?" त्यांनी विचारलं आणि उजवीकडे वळले.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठवड्याने ते वीट घेऊन खिडकीत बसले. फिरवून फिरवून पाहिली, मग डोळ्याजवळ नेली. एका कोपऱ्यात निळ्या कपट्यावर दोन टाके शाबूत राहिले होते.

"लाल?"

"हो."

"निळ्याला लाल लावला मी?"

"हो."

"आणि हे असं वाकडं?"

"थोडंसं," मी म्हणालो.

"मग बरं झालं फाडलीत," बाबा म्हणाले. "असलं रफू माझ्या नावावर बाजारात फिरायला नको."

त्यांच्या शिलाई मशीनचा एक पाय आखूड आहे. ते मशीन आमच्या लग्नाआधीपासून डुगडुगतंय. ती वीट आता त्या पायाखाली असते. पुलावरची दोरी अजून तशीच आहे आणि बाबा बांधकाम खात्याला दर सोमवारी पत्र लिहितात, त्यात खिशाचा उल्लेख असतो. गिऱ्हाईक आलं की मात्र माप घ्यायच्या आधी ते मशीनच्या पायाकडे बोट दाखवतात.

"ती वीट माझी आहे," ते म्हणतात. "जावयाने पाडली."

शेवटचे दोन शब्द ते जरा मोठ्याने म्हणतात.