बाइंडरच्या फळीवरचा कांदा

मी फळी बोलतेय. दचकू नका. लाकडालाही तोंड असतं, तुमचं लक्ष नसतं एवढंच.

सात फूट लांब, हातभर रुंद. वय विचारू नका. कुठल्या झाडाची तेही आता आठवत नाही. सुताराने घासूनपुसून मला एका पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरच्या घरी दिली, तिथून पुढचं मात्र लख्ख आठवतं. अडतीस वर्षं त्याने माझ्यावर पुठ्ठे कापले, खळ लावली. त्याच्या सुरीचे वार अजून अंगावर आहेत. तुम्हाला सुरकुत्या, मला हे.

माणूस हाताचा झकास, पण नाकाचा भारी नाजूक. "घरात कच्चा कांदा आणायचा नाही, पुस्तकांना वास लागतो," हा त्याचा कायदा. त्याची ती खळ आंबून मेलेल्या उंदरासारखी घमघमायची, ते चालायचं! बायको हसायची आणि ऐकायची.

तो गेला. मला दारामागे उभी केली. तीन वर्षं लोकांच्या छत्र्या अंगावर वागवल्या.

मग एका रविवारी सूनबाईने मला बाहेर काढलं. तिच्या ऑफिसातली मंडळी, दोघंतिघं शेजारी, असे दहाजण दुपारी यायचे होते. दोन स्टुलांवर मला आडवी टाकली. एक स्टूल बोटभर बुटकं, पण बघतंय कोण! वर मेणकापड, त्यावर ओळीने वाडगे: उकडलेली अंडी, बटाटे, काकडी, टोमॅटो, चीज, दोन सॉस आणि कच्चा कांदा. शेजारी पावांची चवड. ज्याने त्याने पाव घ्यायचा आणि हवं ते भरायचं.

बाइंडरची बायको, म्हणजे सासूबाई, वाढायचा चमचा घेऊन हजर.

"अगं, पाहुण्यांना हाताने घ्यायला लावतेस? बरं दिसतं का ते?"

"अहो आई, त्यातच तर मजा आहे. तुम्ही बसा. आज तुम्हाला काही काम नाही."

झालं! म्हातारी बुटक्या स्टुलापाशी खुर्ची ओढून बसली. चमचा मांडीवर. आता या घरात आपलं काय काम, एवढंच तिच्या तोंडावर लिहिलेलं.

मंडळी आली. सुनेच्या साहेबाने पावात एवढं कोंबलं, की पहिल्या घासाला अर्धं शर्टावर. शेजारीण "मी हल्ली खातच नाही बाई" म्हणत तिसऱ्यांदा आली. मी जरा अंग हलवलं, एक अंडं घरंगळत थेट तिच्या ओटीत. या वयात तेवढीच करमणूक.

म्हातारीने चमचा उचलून पाहिला. "बटाटा घालू रे तुला?"

"घेतला गं आई," मुलगा म्हणाला.

सगळ्यांचं झाल्यावर सून म्हणाली, "आई, आता तुमचं."

म्हातारी उठली. हात सराईत. पाव, दोन अंडी, वर भरपूर मिरपूड, काकडी नाही, कांदा नाही. ताटली माझ्यावर ठेवली आणि उभी राहिली. कोणीतरी येऊन उचलेल, अशी.

"आई, तुम्हाला काकडी आवडत नाही?"

"मला? ह्यांना आवडत नाही."

ताटली तिने बाइंडरसाठी भरली होती.

"मग तुम्हाला काय आवडतं?" सुनेने हळूच विचारलं.

"कोण जाणे गं. कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

आता मी कलले. मुद्दाम. मेणकापडावरून कांद्याचा वाडगा सुळकन सरकला आणि तिच्या हाताशी येऊन थांबला.

"ही फळी पहिल्यापासूनच चावट," म्हातारी म्हणाली. दुसरा पाव घेतला. मूठभर कांदा भरला, नुसता कांदा, आणि कचकन चावा घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. कांद्याचंच ते, मी तरी तसंच सांगेन.

आधीची ताटली मुलाने गुपचूप उचलली आणि संपवली.

सून धावली. "आई, वर थोडं चीज घालू का?"

"तू बस," म्हातारी तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. "आज तुला काही काम नाही."

आता दर महिन्याला मला आडवी टाकतात. वाळवी लागायला सुरुवात झालीय, फार दिवस काही मी टिकत नाही. एकच मागणं आहे. त्या बुटक्या स्टुलाखाली पुठ्ठा घालून मला कोणी सरळ करू नका.