माळावरची रिकामी चौकट

मी एक चौकट. दाराची नव्हे आणि देवाच्या फोटोचीही नव्हे. लोखंडी सळीच्या चार हातभर बाजू आणि मध्ये काहीच नाही. सातपूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात सहादू मिस्त्रीने मला जोडलं, तेव्हा तोही बुचकळ्यात पडला होता. हिच्यात बसवायचं तरी काय, असं त्याने विचारलं. समोरची मुलगी हसून म्हणाली की हिच्यात जे सापडेल ते.

ती सुवर्णा. घरची मखमलाबादला फुलशेती, आणि ही एकटी गवताच्या मागे लागलेली. नव्वदीची अखेर होती. ती कॉलेजात पीएचडी करत होती आणि हरसूलच्या वरच्या अंगाचा एक माळ तिने अभ्यासाला घेतला होता. त्या माळावर दोन गवतं प्रामुख्याने उगवत, पवन्या आणि कुसळी. माती एक, पाणी एक, ऊन एक. मग एकाने दुसऱ्याला हुसकून का लावलं नाही, हा तिचा प्रश्न होता.

माझं काम सोपं होतं. डोळे मिटून मला खांद्यावरून मागे फेकायचं आणि मी पडेन तिथलं गवत मोजायचं. जागा निवडायची नाही. निवडली की हिशोब आपल्या मनाचा होतो, मातीचा राहत नाही. मला या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

फेकायला गावातली नवसाबाई होती. ती मला फेकायची, वाकून गवत मोजायची आणि ओरडून सांगायची. सुवर्णा मोहाच्या झाडाखाली मान खाली घालून लिहायची. दुपारी दोघी एकाच फडक्यातली नागलीची भाकरी खायच्या. गवत वाळलं की मी नवसाबाईच्या घरी भिंतीला टेकून राहायचे. ते माझे बरे दिवस.

त्या हंगामाचा निष्कर्ष ठसठशीत निघाला. जिथे पवन्या तिथे कुसळी नाही, जिथे कुसळी तिथे पवन्या नाही. दोघांनी माळ वाटून घेतला होता म्हणे! सुवर्णाचे सर खूश झाले. शोधनिबंध छापायलाही गेला. पण एकाच हंगामाच्या आकड्यांवर सुवर्णाचा विश्वास बसेना. सर नको म्हणत असताना ती पुढच्या वर्षी पुन्हा माळावर आली.

नवसाबाई तेव्हा घरच्यांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या छाटणीला गेली होती. सुवर्णाने मला स्वतःच फेकलं. मी उघड्या खडकावर पडले. दुसऱ्यांदा फेकलं, थोडं गवत मिळालं. पुढे पुन्हा खडक, पुन्हा खडक. माळाचा बराच भाग खडकच होता, त्यात नवल काय? नवल हे होतं की गेल्या वर्षीच्या कागदांत एकही शून्य नव्हतं. सुवर्णा माझ्याशेजारी बसून ते कागद पुन्हा पुन्हा चाळू लागली.

शिमग्याला नवसाबाई परतली. सुवर्णाने तिला घरी येऊन विचारलं, तेव्हा मी तिथेच भिंतीशी होते. नवसाबाईने काही लपवलं नाही.

"रिकामं माप भुईला ठेवू नाय, ताई. खळ्यावर भात मोजला तरी मापात चार दाणे राहू देतो आमी. ही खडकावर पडली की गवताकडं सरकवायचे. तुमचं काम भरलेलं राहावं म्हणून."

तिने मला जवळच्या एखाद्या गवताच्या ठोंबावर नेऊन ठेवलेलं असायचं. त्या ठोंबात अर्थातच एकच गवत. असे एकट्या पवन्याचे, एकट्या कुसळीचे आकडे वाढत गेले आणि कागदावर दोघांचं वैर ठरलं.

"चूक माझी आहे, मावशी," सुवर्णा म्हणाली. "मी मान वर करून बघितलंच नाही."

सरांनी तिला एवढ्यासाठी सगळं मोडू नकोस असं बजावलं. तरी तिने निबंध मागे घेतला. मग सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. मुदत संपत आली होती, घरी लग्नाचा लकडा होता. ती पहिल्यापासून मोजायला बसली.

पुढचा हंगाम आम्ही दोघींनीच काढला. नवसाबाई शरमेने फिरकली नाही. सुवर्णा मला फेकायची, मोठ्याने आकडा म्हणायची आणि मग स्वतःच जाऊन लिहायची. ऐकायला कोणी नव्हतं, तरी "शून्य" असं ती ओरडून म्हणायची. ते ऐकताना मला फार वाईट वाटायचं.

त्यापुढच्या वर्षी एका सकाळी नवसाबाई आली. तिने मला उचललं आणि फेकलं. मी खडकावर पडले. ती वाकली, तिचा हात माझ्यापर्यंत आला आणि थांबला. पुढचा शब्द तिने आयुष्यात कधी मोठ्याने उच्चारला नसेल.

"रिकामं," ती म्हणाली.

सुवर्णाने मान वर करून पाहिलं, मग लिहिलं. तिचे डोळे भरले होते.

अखेर उत्तर निघालं ते असं: ती दोन गवतं एकमेकांना टाळत नाहीत आणि शोधतही नाहीत. एका माळावर राहतात, इतकंच खात्रीने सांगता येतं. ती दोन्ही का टिकतात, हे सांगायला आणखी कितीतरी वर्षं मोजावं लागेल. एवढ्याशा उत्तराला कोण विचारतं? पदवी उशिरा मिळाली. सुवर्णा येवल्याला शिकवायला गेली. जाताना तिने मला कॉलेजच्या स्टोअररूममध्ये ठेवलं आणि माझ्यावरून हात फिरवला.

आता मी गंजले आहे. वर्षातून एकदा प्रॅक्टिकलला मुलं मला मैदानात नेतात. परवा मी उघड्या मातीवर पडले. एक मुलगी म्हणाली, "वाया गेली, परत टाक." दुसरीने लगेच मला उचललं.

बाळांनो, मला बोलता येत नाही. आलं असतं तर एवढंच म्हटलं असतं, मला तिथेच राहू द्या. काही नाही, असं लिहा. मी तिथे पडले होते ना?